टिळकांचा जामीन : एकदा मिळालेला, एकदा नाकारलेला

एखादं प्रकरण आठ-दहा दिवस चॅनेलवर तापलं आणि मग आरोपीला जामीन झाला, की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "सुटला!" खरं तर सुटलेलं कोणी नसतं. खटला तसाच उभा असतो. बोलावलं त्या तारखेला हजर राहीन, एवढं आरोपीने लिहून दिलेलं असतं. पण गाजलेल्या प्रकरणात ही साधी गोष्ट कोर्टाच्या गळी उतरवणं वकिलाला फार जड जातं, कारण आरोपीने काय केलं याचा निकाल वर्तमानपत्रांनी आधीच लावलेला असतो.

ही अडचण आजची नाही. मुंबई हायकोर्टात एकाच आरोपीने, एकाच कलमाखाली, अकरा वर्षांच्या अंतराने दोनदा जामीन मागितला. १८९७ मध्ये मिळाला, १९०८ मध्ये नाही. आरोपी होते बाळ गंगाधर टिळक आणि कलम होतं राजद्रोहाचं, १२४-अ. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे कोणीतरी प्रयोग मांडून ठेवल्यासारखं वाटेल. म्हणून हे दोन अर्ज शेजारी-शेजारी ठेवून बघू या.

आधी १८९७. पुण्यात प्लेग, घरोघरी तपासण्या, त्यातून लोकांत साचलेला संताप. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सापडेना. अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांनी मात्र वाट बघितली नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'जस्टिस' या टोपणनावाने पत्रं आली, त्यांत १५ जूनच्या 'केसरी'तल्या मजकुराचे उतारे इंग्रजीत देऊन सरकारचं लक्ष वेधलेलं. शिवाजी उत्सवातलं अफजलखानाच्या वधावरचं भाषण १५ जूनला छापलं गेलं आणि २२ जूनला खून झाला. वाचणाऱ्याने दोन्हींचा संबंध स्वतःच जोडावा, अशीच ही मांडणी होती. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टिळकांवर खुनाचा आरोप नव्हता, खुनाच्या कटाचाही नव्हता. आरोप होता छापलेल्या मजकुराबद्दल. पण लोकांच्या डोक्यात खटला होता तो रँडचाच. दामोदर चापेकरांचा कबुलीजबाब आला ऑक्टोबरमध्ये, म्हणजे टिळकांना शिक्षा होऊन गेल्यावर. तोवर संशयाला मोकळं रान होतं.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनीही तेव्हा दिला नाही, पुढे पुन्हा अर्ज करायला मात्र मुभा ठेवली. प्रकरण सेशन्सकडे गेल्यावर, ४ ऑगस्टला, न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. सरकारने विरोध केला आणि तय्यबजींनी जामीन मंजूर केला.

त्यांची विचारपद्धती आजही शिकण्यासारखी आहे. आरोपी दोषी आहे की नाही, हा जामिनाच्या वेळचा प्रश्नच नाही. बघायचं ते हे, की हा माणूस खटल्याला हजर राहील का? टिळक तेव्हा मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद होते, देशभर माहीत असलेले संपादक होते. ते कुठे पळून जाणार? शिवाय महिनाभर तुरुंगात ठेवलं आणि शेवटी ते निर्दोष ठरले तर? तो महिना कोणी परत देत नाही.

मला वाटतं, गाजलेल्या प्रकरणातल्या जामिनाचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे. प्रसिद्धी आरोपीच्या विरुद्ध जाते असं आपण धरून चालतो. पण हजर राहण्याच्या प्रश्नापुरतं बघितलं, तर ती त्याच्याच बाजूची आहे. ज्याचा चेहरा घरोघरी माहीत, त्याला लपायला जागा नसते. दुसरी भीती असते पुराव्याला हात लावण्याची. टिळकांच्या खटल्यात पुरावा म्हणजे छापून वाटला गेलेला अंक, तो कसा पुसणार? तिसरी गोष्ट बचावाच्या तयारीची. जामिनावरच्या त्या पाच आठवड्यांत टिळकांना वकिलांबरोबर बसता आलं. बंगालमधल्या मित्रांनी पैसा उभा केला, कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. बाहेर रोज मजकूर छापून येत असताना आत कोठडीत बसून उत्तराची तयारी करणं किती कठीण, याचा विचार करून बघा.

आणि तरीही टिळक हरले. १४ सप्टेंबरला ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवलं, सहा युरोपियन एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. म्हणजे जामीन मिळाला तेव्हा कोणीही 'सुटलं' नव्हतं. आरोपी तारखेला आला, खटला चालला, शिक्षा झाली.

आता १९०८. एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. 'केसरी'तल्या १२ मे आणि ९ जूनच्या लेखांवरून २४ जूनला टिळकांना अटक झाली. जामिनासाठी उभे राहिले तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. त्यांनी आधार घेतला तो तय्यबजींच्या निर्णयाचाच. समोर न्यायासनावर होते न्या. दिनशा दावर! होय, तेच, १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे.

दावरांनी अर्ज फेटाळला. कारणांच्या चर्चेत न शिरणंच सध्याच्या परिस्थितीत शहाणपणाचं, असं ते म्हणाले.

त्यांच्या जागी बसून विचार करू. खटला त्यांच्यासमोरच ज्युरीपुढे चालायचा होता, न्यायाधीशाचं मत आधीच छापून आलं तर ज्युरीवर परिणाम होणार. बॉम्बचे दिवस होते आणि बाहेर आलेला संपादक पुन्हा लेखणी उचलणार, ही सरकारची भीती अगदीच काल्पनिक नव्हती. त्यामुळे आमचा 'प्रयोग' काही शुद्ध नाही. न्यायाधीश बदलले होते, काळही बदलला होता. पण कारण न सांगता दिलेला नकार तपासायचा कसा? तय्यबजींशी आपल्याला वाद घालता येतो, कारण त्यांनी कारणं मांडली. 'सध्याची परिस्थिती' या शब्दांत मात्र काहीही मावतं : दंग्याची भीती, सरकारची नाराजी, वर्तमानपत्रांचा गदारोळ. टिळकांनी मग एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःच बचावाचं भाषण केलं. त्याची तयारी कोठडीत बसून झाली होती. २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले.

हायकोर्टाचा तो जुना अधिकार आजही कायद्यात आहे. १८८२ आणि १८९८ च्या संहितेत तो कलम ४९८ होता, १९७३ च्या संहितेत ४३९ झाला आणि जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ४८३ आहे. आकडे बदलत गेले, कोर्टासमोरचा पेच तोच राहिला.

म्हणून पुढच्या वेळी जामिनाची बातमी वाचाल तेव्हा "त्याने केलं का?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, त्यासाठी खटला आहे. तो माणूस तारखेला येईल का, साक्षी-पुराव्याला हात लावू शकेल का, आणि कोर्टाने आपली कारणं लिहिली आहेत का, एवढं बघा. आरोपी तुम्हाला नावडता असेल तर जास्तच काळजीने बघा. १८९७ मध्ये टिळकही पुष्कळांना नावडतेच होते.