बारा बोअर आणि पॉइंट बत्तीस

निवडणूक जाहीर झाली की वाणगावच्या पोलीस ठाण्यात, आणि तसे राज्यातल्या बहुतेक ठाण्यांत, परवान्याची हत्यारे जमा करून घेण्याचे काम सुरू होते. कोणी बंदूक आणून देतो, कोणी रिव्हॉल्व्हर. परवान्याच्या पुस्तिकेत हत्याराच्या वर्णनात 'बोअर' अशी एक नोंद असते. बंदुकीपुढे तिथे बहुधा १२ लिहिलेले सापडते आणि पिस्तुलापुढे किंवा रिव्हॉल्व्हरपुढे .३२. एकीकडे पूर्णांक, दुसरीकडे अपूर्णांक. त्यातून बारा बोअरपेक्षा सोळा बोअरची नळी अरुंद असते. हा काय हिशेब आहे? आणि नवे पिस्तूल घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा बत्तीसच का येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे, दुसऱ्याचे इतिहासात.

आधी बारा. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिसे घ्यायचे आणि त्याचे सारख्या आकाराचे बारा गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोअरची नळी. एका गोळ्याचे वस्तुमान ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, म्हणून गोळ्याचे आकारमान ३.३३ घन सेंटिमीटर. गोलाच्या घनफळाच्या सूत्रात ही किंमत घातली की व्यास १८.५ मिलिमीटर येतो. त्याच पौंडाचे सोळा गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होतो आणि व्यास १६.८ मिलिमीटरवर येतो. आठवी-नववीच्या मुलांना हे उदाहरण जरूर घालावे. घनमूळ कशाला लागते, असे मग कोणी विचारत नाही.

ही रीत जुन्या काळातली आहे. नळीचा आतला व्यास नेमका मोजायचे साधन कारागिराकडे नव्हते. तराजू मात्र प्रत्येकाकडे होता. तोफासुद्धा गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जात, सहा पौंडी, बारा पौंडी अशा. वाणगावहून समुद्राकडे निघाले की चिंचणी-तारापूर लागते. तिथला किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्याच मोहिमेत मे महिन्यात वसई पडली. त्या काळची हातबंदूक एकेका कारागिराने घडवलेली असे, एकीची नळी दुसरीशी जुळेलच असे नाही. त्यामुळे गोळ्या ओतायचा साचा बंदुकीबरोबरच राही. शत्रूची बंदूक हाती लागली तर दारू आणि शिसे मिळाले की काम भागत असे. हा मुद्दा लक्षात ठेवू या, पुढे तो उलटा होऊन आपल्यासमोर येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी एकाच मापाच्या हजारो बंदुका काढायला सुरुवात केली. १८५३ ची एन्फिल्ड .५७७ मापाची, म्हणजे ०.५७७ इंच व्यासाची. तिच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीची कथा आपण सारे १८५७ च्या धड्यात शिकवतो. त्यानंतर काही वर्षांतच धातूची पुंगळी आली आणि गोळी, दारू व ठिणगी देणारी टोपी एकाच डबीत बंद झाली. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. आजही भारतीय काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे दिसतात, ती खडकीचीच.

धातूच्या पुंगळीने सत्तेच्या गणितात मोठा बदल केला. घरी साच्यात गोळी ओतता येते. पुंगळी घरी होत नाही. काडतूस नसेल तर उत्तम बंदूकही काठीच्या लायकीची. म्हणजे किल्ली सरकारच्या हाती आली. पण एकाच मापाचे दुखणेही होते. सरकारी कोठारातून चोरीला गेलेले काडतूस त्या मापाच्या कोणत्याही बंदुकीत चालणार! १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली होती. युरोपियनांना त्यातून सूट होती. तरी मापाची भीती गेली नाही. मार्टिनी-हेन्री ही फौजेची जुनी रायफल .४५० मापाची. त्या रायफली सरहद्दीवर नको त्या हातांत पोचल्या होत्या. म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी आली. ती शिकारी साहेबांनाही लागू झाली. मग विलायती बंदूक-कारखानदारांनी काय केले? .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. .४५० आणि .४७० या आकड्यांतला फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर! हत्तीला तो कळायचा नाही, कायद्याला कळला.

याहून बोलके उदाहरण .४१० मस्केटचे आहे. फौजेची रायफल .३०३ मापाची, आत मळसूत्री खाचा असलेली. पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी तीच रायफल घेऊन तिची नळी मोठी व गुळगुळीत केली. तिचे काडतूस .३०३ च्याच पुंगळीचे, फक्त तोंडाशी न आवळलेले. अशी बंदूक कोणी हिसकावली तरी फौजेचे काडतूस तिच्यात उपयोगाचे नाही. मुद्दाम कमी केलेले हत्यार! तारापूरच्या वेढ्याच्या काळी हाती आलेली कोणतीही बंदूक वापरता येत होती. आता हाती आलेली बंदूक वापरता येऊ नये, हेच माप ठरवण्याचे कारण झाले.

पिस्तुलांकडे वळू. फौजेने स्वतःसाठी माप निवडताना वेगळा वाद घातला: जाड आणि मंद गोळी चांगली, की बारीक आणि वेगवान? ब्रिटिश फौजेने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतले, माप .४५५. गोळी सुमारे १७ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे १८५ मीटर. पहिल्या महायुद्धात घाईघाईने शिकवलेल्या माणसांना ते जड, दणकेबाज हत्यार आवरत नाही असे दिसले, आणि १९३२ मध्ये .३८ मापाचे हलके रिव्हॉल्व्हर आले. युरोप तोवर ९ मिलिमीटरकडे गेला होता. ती गोळी अवघी साडेसात ग्रॅमची, पण वेग सुमारे ३७५ मीटर. आता दोन्हींची गतिज ऊर्जा काढा. .४५५ ची येते सुमारे २९० ज्यूल, ९ मिलिमीटरची ५२५ च्या पुढे. पण संवेग काढला तर .४५५ चा ३.१ आणि ९ मिलिमीटरचा २.८ (किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद). ऊर्जा पाहणारा एकाची बाजू घेणार, संवेग पाहणारा दुसऱ्याची. शंभर वर्षे चाललेल्या या वादाचे मूळ एवढेच आहे. व्यास काही शक्तीचे माप नव्हे.

हा वाद घालायची मुभा आपल्याकडच्या परवानाधारकाला मात्र नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ मध्ये नियम झाले. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात ज्या पिस्तुला-रिव्हॉल्व्हरांत .३८० किंवा .४५५ ची कडा असलेली काडतुसे, किंवा फौजेची ९ मिलिमीटर वा .४५ ची काडतुसे चालतात, ती प्रतिबंधित ठरली. त्याच ओळीत .३०३ ची रायफल आणि .४१० ची मस्केटही आहे. ही यादी कोणते माप अधिक घातक यावरून केलेली नाही, हे उघड आहे; सरकारी काडतूस कशात चालते यावरून केली आहे. साहेब गेले, कायदा नवा झाला, पण विचार १९०७ चाच राहिला. .४५५ फौजेतून कधीच हद्दपार झाली, तरी २०१६ च्या नव्या नियमांतही तिचे नाव आहे.

मग उरले काय? प्रामुख्याने .३२, आणि त्याहून लहान .२२. म्हणून कानपूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३२ चे रिव्हॉल्व्हर काढले, वेब्लीसारखेच मधोमध मोडून उघडणारे, आणि काशीपूरच्या कारखान्याने .३२ चे 'अशनी' पिस्तूल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात थांबल्यावर नव्या गिऱ्हाइकापुढे मुख्यतः हेच राहिले. अलीकडे खासगी कारखान्यांनाही परवाने मिळाले आहेत, पण चौकट तीच.

इथे एक खाचखळगा आहे. दोन्ही .३२, तरी काडतुसे वेगळी! रिव्हॉल्व्हरचे काडतूस १८९६ चे. पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब, बुडाशी बाहेर आलेली कडा. पिस्तुलाचे १८९९ चे, ब्राउनिंग यांनी केलेले. पुंगळी १७ मिलिमीटर. एकासाठी घेतलेले काडतूस दुसऱ्यासाठी नसते. शिवाय .३२ इंच म्हणजे ८.१ मिलिमीटर होतात, प्रत्यक्षात गोळी ७.९ ची असते, आणि युरोपात याच पिस्तूल-काडतुसाला ७.६५ म्हणतात, कारण ते नळीतल्या दोन समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर धरतात. एक गोळी, तीन आकडे. बोअर हे बऱ्याचदा माप नसून नाव असते.

खरी निवड करायची ती वजनाची, आणि तिथे नववीच्या पुस्तकातले बंदूक-गोळीचे उदाहरण कामाला येते. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर, वेग सेकंदाला सुमारे २१० मीटर. संवेग साधारण १.३. कानपूरचे नेहमीचे रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचे. दारूच्या वायूचा वाटा सोडून दिला तर ते हातात सेकंदाला १.९ मीटर वेगाने मागे येते. २०१४ मध्ये याच कारखान्याने स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे म्हणून ५०० ग्रॅमचे 'निर्भीक' काढले. काडतूस तेच. मागे यायचा वेग झाला २.६ मीटर. सव्वा किलोला थोडे कमी असलेल्या जुन्या .४५५ वेब्लीसाठी हाच हिशेब केला तर २.८ च्या आसपास येतो. दणक्याची ऊर्जा वेब्लीत अडीच-पावणेतीन पट जास्त असते हे खरे, पण हातातल्या झटक्याच्या वेगापुरते पाहिले तर जे रिव्हॉल्व्हर आवरत नाही म्हणून फौजेने १९३२ मध्ये टाकले, त्याच्या अगदी जवळ हे 'हलके' हत्यार येऊन पोचते. दुकानात ते हातावर तोलून पाहताना हे कळत नाही, कारण तेव्हा त्यात काडतूस नसते.