ओल्या गादीचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकांत गादीचा उल्लेख येतो, पण ती कोणाकडून कोणाकडे गेली, एवढ्यापुरताच. सकाळी गच्चीवर वाळत पडलेल्या गादीबद्दल इतिहासकार चकार शब्द काढत नाहीत. वास्तविक ही गादी बहुतेक राजघराण्यांपेक्षा जुनी!

सुमारे ३५०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये लिहिलेल्या ईबर्स पपायरस या वैद्यकाच्या गुंडाळीत लघवी न आवरण्यावर औषध दिलं आहे. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने पोरांना उकडलेले उंदीर खायला घाला म्हणून सांगितलं. १५४५ च्या सुमारास टॉमस फेअर या इंग्रजाने मुलांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात अंथरूण ओलं करण्यावर कोंबड्याची श्वासनलिका आणि शेळीच्या खुरांची भुकटी सुचवली आहे. हे गृहस्थ डॉक्टर होते आणि वकीलही. आपल्या आज्या त्या मानाने फार दयाळू. त्यांनी तीळ-गुळाच्या लाडवावर भागवलं.

पण उंदीर परवडले, असे दिवस पुढे आले. जॉर्ज ऑर्वेल आठ वर्षांचा असताना बोर्डिंगच्या शाळेत अंथरूण ओलं करू लागला. हेडमास्तरांनी त्याला घोड्याच्या चाबकाने मारलं, ते इतकं की चाबूकच मोडला. वर, चाबूक मोडला तोही याच्याचमुळे! त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापलेल्या निबंधात हे सगळं आहे. आपण न ठरवता, आपल्याला न कळताही पाप घडतं, हा धडा त्या पोराने घेतला. झोपेतल्या माणसावर खटला चालवण्याचा हा प्रकार आपल्याकडेही घरोघर झाला आहे. फक्त चाबकाऐवजी चारचौघांत नाव ठेवायचं.

गंमत म्हणजे खरा उपाय सापडला तो योगायोगाने. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने वॉर्डातल्या मुलांच्या गाद्यांना विजेची घंटा जोडली. गादी ओली झाली की घंटा वाजावी आणि नर्सने येऊन दुपटं बदलावं, एवढाच हेतू. काही दिवसांनी बघतात तो मुलं कोरडी राहू लागलेली! १९३८ साली अमेरिकेत मौरर पति-पत्नींनी हीच घंटा पद्धतशीर वापरली, आणि आजही डॉक्टर ती सुचवतात. चिकाटीने काही आठवडे वापरली, तर सुमारे दोन तृतीयांश मुलांना गुण येतो.

मामला आमच्या बँकेसारखाच आहे. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक असतं. काही मुलांत ते पुरेसं नसतं. जमा जास्त, तिजोरी लहान, आणि पहारेकरी गाढ झोपलेला. पाचव्या वर्षी सातांतल्या एखाद्या मुलाचं असं होतं, आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. बरीच महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, किंवा लघवी करताना दुखू लागलं, तर मात्र डॉक्टरांकडे न्यावं.

शिवाय हा वारसाहक्क आहे. आई-बाप दोघांनाही लहानपणी हे असेल, तर मुलाला असण्याची शक्यता पाऊणशे टक्क्यांच्या घरात जाते. आमच्या शाखेतले एक हेडकॅशियर एकदा आमच्यादेखत पोराला यावरून फैलावर घेत होते. आतून त्यांच्या आई आल्या, चहाचे कप खाली ठेवले आणि म्हणाल्या, "त्याला काय बोलतोस? तुझी गादी मी सहावीपर्यंत वाळत घातली आहे!"

हेडकॅशियरांनी तत्काळ विषय डी.ए.कडे वळवला.