बॅटरीचा स्फोट आणि पाण्याचा इतिहास

फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमच्या नौदल तळावर ‘आयएनएस सिंधुरक्षक’ या पाणबुडीच्या बॅटरी कक्षात स्फोट होऊन आग लागली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. सदोष झडपेतून गळालेला हायड्रोजन हे कारण नौदलाने सांगितले. (२०१३ साली हीच पाणबुडी मुंबईत बुडाली, ती दुर्घटना निराळी.)

या हायड्रोजनचे मूळ बॅटरीच्या जन्मातच आहे. १८५९ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने कापडाने विलग केलेले शिशाचे दोन पत्रे गुंडाळून विरल गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भारित करता येणारा पहिला व्यवहार्य विद्युत्घट सिद्ध झाला. खरे तर तो टिकला हेच नवल. पाण्याचे विघटन होण्यास सिद्धांततः १.२३ व्होल्ट पुरतात. या घटाचा विद्युत्दाब मात्र सुमारे २ व्होल्ट! तरीही पाणी शाबूत राहते, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन फार नाखुशीने सुटतो. भारण पूर्ण होत येऊन दाब प्रतिघट २.४ व्होल्टच्या आसपास पोचला की ही नाखुशी संपते आणि उरलेला प्रवाह पाणीच फोडू लागतो. १०० ग्रॅम पाण्यातून सुमारे १२४ लिटर हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की एक ठिणगी पुरे.

पुढे मऊ शिशाच्या जाळ्या भक्कम व्हाव्यात म्हणून त्यांत अँटिमनी मिसळू लागले. जाळ्या कणखर झाल्या. पण अँटिमनीवर हायड्रोजन सहज सुटत असल्याने पाणी लवकर आटू लागले. बॅटरीत पाणी भरण्याचे काम माणसामागे लागले ते मुख्यतः या तडजोडीमुळे.

इन्व्हर्टरबरोबर हा घट भारतीय घरांत आला. पाणी आटले की पट्ट्या उघड्या पडतात, वर वायू साठण्यास जागा वाढते. मग गंजलेल्या जोडातून मोठा प्रवाह जाताना ठिणगी पडली तर झाकण उडून आम्ल डोळ्यांत जाते. पाणी ऊर्ध्वपातितच हवे, कारण नळाच्या पाण्यातील लोहही हायड्रोजनची वाट सोपी करते. झाकणांची छिद्रे मोकळी, खोली हवेशीर, जोड घट्ट ठेवावे लागतात; चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करावा लागतो.

‘मेंटेनन्स-फ्री’ हे नाव मात्र थोडे फसवे आहे. सीलबंद बॅटरीत ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा पाण्यात मिसळवला जातो, तरी तिलाही झडप असते. अतिभारण झाले की ती उघडते आणि हायड्रोजन खोलीतच सुटतो.