मातीतून गादीवर : खाशाबा जाधव

यात्रेतलं कुस्तीचं मैदान तुम्हाला काही नवं नाही. हलगी कडाडली की आपले पाय आपोआप आखाड्याकडे वळतात. पण याच मातीतला एक गडी ऑलिंपिकच्या पदकापर्यंत कसा पोहोचला, आणि त्यासाठी त्याला काय नव्याने शिकावे लागले, ते आज पाहू.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर हे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. पहिले वस्ताद तेच. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. चण लहान, पण अंगात विजेची चपळाई. ढाक हा त्यांचा हुकमी डाव!

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला. आता सहावा क्रमांक म्हणजे हारच, असं कुणी म्हणेल. पण अडचण ताकदीची नव्हती, बरं का. आपल्याकडे माती असते. तिच्यात पाय रोवता येतो, आणि गडी चीतपट झाला की निकाल. तिकडे कुस्ती गादीवर. घड्याळ चालू असते, आणि वेळ संपली की कोण सरस हे पंच ठरवतात. ज्याची सारी कमाई मातीतली, त्याला ही वेगळीच विद्या होती. खाशाबांनी ती शिकायची ठरवली. पुढची चार वर्षे त्यांनी मेहनतीत घालवली.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैशांचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू! शिक्षक बंधू-भगिनींनी हे नाव जरूर ध्यानात ठेवावे.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनी गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाली; ती त्यांनी गमावली. तिच्यापाठोपाठ रशियाच्या मल्लाशी लढत लागली. मध्ये हक्काचा विसावाही मिळाला नाही, आणि त्यासाठी भांडायला आपला अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. इशीला सुवर्ण, रशियाच्या मल्लाला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. असे दुसरे पदक यायला १९९६ साल उजाडले; म्हणजे तब्बल ४४ वर्षे!

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण गुलाल खाली बसला तरी कर्ज उभेच होते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशांतून गुरूंचे घर सोडवले. पदकाइतकीच ही गोष्टही मोठी आहे.

१९५५ साली ते मुंबई पोलिसांत फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. आता महाराष्ट्रात १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. मान मिळाला, पण पाहायला माणूस राहिला नव्हता.

खाशाबांनी दाखवलेली वाट मात्र मोडली नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मातीत घडलेला गडी गादीवरही जिंकतो, हे पुन्हा दिसले.

तेव्हा मंडळी, तुमच्या तालमीतला एखादा पोरगा बाहेर हरून आला, तर त्याला हिणवू नका. तो तिथून काय शिकून आला, ते विचारा. त्याच्या खुराकाची, प्रवासाची सोय आधी करा. हार-तुरे मागाहून घालता येतात. मदत मात्र वेळेवरच लागते.