खर्ड्याकडील शाळेचा उन्हाळा

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा व धर्मगुरूंच्या नामावळीचा इतिहास येतो, आणि तो यावा हें योग्यच आहे. परंतु आमच्या लोकांच्या इतिहासाचा एक धागा देवळाच्या दाराशीं सुरू न होतां गांवच्या शाळेच्या ओट्यापासून निघतो. ही स्मरणिका ज्यांच्या हातीं पडेल त्यांपैकीं बहुतेकांनीं आपलें पहिलें अक्षर अशाच एखाद्या ओट्यावर गिरवलें असेल. म्हणून जामखेड तालुक्यांतील खर्डा व त्या बाजूचीं खेडीं डोळ्यांपुढें ठेवून प्राथमिक शाळेच्या उन्हाळी दिवसांविषयीं व त्या दिवसांतील सणसमारंभांविषयीं कांहीं लिहिण्याचें योजिलें आहे. उन्हाळाच कां निवडला, हें पुढें वाचकांच्या ध्यानांत येईल.

खर्डा हें गांव जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास, बालाघाटच्या रांगांत वसलें आहे. निंबाळकरांनीं बांधलेला तेथील किल्ला सर्वांस ठाऊक आहे. ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांशीं झालेल्या लढाईंत निजाम अलीखानाची पीछेहाट झाली. त्यानें याच किल्ल्याचा आश्रय घेतला, व तेथेंच कोंडला जाऊन त्यास तह करावा लागला. लढाईची ही तारीख उन्हाळ्याच्या तोंडाशीं येते हें शाळेच्या दृष्टीनें बरेंच झालें, कारण पुस्तकांतील धडा व खिडकींतून दिसणारा तट यांची गांठ मुलांना त्याच दिवसांत घालून देतां येते. अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चौंडी हेंही जामखेड तालुक्यांतच आहे, व त्यांच्याच नांवावरून २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव बदलून अहिल्यानगर झालें. त्यांचा जन्मदिवस मात्र ३१ मे. त्या वेळीं शाळेस कुलूप असतें. इतिहास असा दाराशीं असूनही सुटींत निसटतो.

आतां उन्हाळ्याकडे वळूं. या मुलुखाचें मुख्य पीक रब्बीची ज्वारी. माघ-फाल्गुनांत ती निघते, खळीं होतात, आणि होळी पेटेपर्यंत शेत मोकळें होतें. त्यानंतर मृगाचा पाऊस पडेपर्यंत कुणब्यास शेतांत फारसें काम उरत नसे. पावसाळ्यांत गुरांमागें धाडलेला व हिवाळ्यांत माळ्यावर गोफण घेऊन पांखरें हांकण्यास बसविलेला मुलगा तेव्हां कोठें शाळेस मिळे. ऊन कडक, विहिरींस पाणी कमी, तरीही जुन्या खेड्यांतील शाळेचे खरे भरतीचे दिवस हेच, असें माझें मत आहे.

फाल्गुन सरला कीं शाळा सकाळची होई. कोवळ्या उन्हांत पाढे सुरू होत. साधे पाढे संपले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. अर्थ कळो वा न कळो, ताल चुकतां कामा नये. मग मोडीचें वाचन, आणि सायंकाळीं घरीं परवचा. याच दिवसांत परीक्षा घेण्यास डिपोटीसाहेब येत, व तो दिवस शाळेपुरता न राहतां सबंध गांवाचा होई. मुली जमीन शेणानें सारवीत, मुलें आंब्याच्या डहाळ्या आणून तोरण बांधीत, पाटील पागोटें बांधून पुढें येऊन बसत. त्यास समारंभ म्हणा कीं भीति म्हणा. पण ज्या बापानें पाटी कधीं हातीं धरली नव्हती, तोही त्या दिवशीं दाराबाहेर उभा राहून आपल्या मुलाचा आवाज ओळखण्याचा यत्न करी.

दाराबाहेर उभा राहणारा हा बाप कोण, याचाही विचार केला पाहिजे. १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें निघालें व १८६३ पासून शेतसाऱ्यावर बसविलेल्या लोकल फंडाचा कांहीं भाग खेड्यांतील शाळांस मिळूं लागला. शाळा सरकारची झाली, पण बैठक गांवाचीच राहिली; अस्पृश्य मानलेल्या घरचें मूल आलेंच तर त्यानें पडवींत बसावें हा अनेक ठिकाणचा रिवाज होता. ऑगस्ट १९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा सर्वांस खुल्या ठरल्या. कागदावर ठराव झाला म्हणजे सतरंजी लांब होते असें नव्हे. परंतु विचारण्यास आधार झाला.

नगर जिल्ह्यांत जेसुइट धर्मगुरूंचें कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत मुख्यतः उत्तरेकडील केंदळ, वळण, राहाता, संगमनेर या बाजूंस वाढलें. खर्ड्यापासून हीं गांवें दूर. पण तेथील मिशनची शाळा कशी चाले हें जाणल्यावांचून आमच्या समाजाच्या शिक्षणाची कथा पुरी होत नाहीं. एकच गृहस्थ आठवडाभर शिक्षक व रविवारीं प्रार्थना चालविणारा. त्यास सर्वजण नुसतें ‘मास्तर’ म्हणत. १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ मासिक काढलें. त्यास जो वाचक लाभला तो या मास्तरांनीं घडविलेला. पहिल्या महायुद्धांत जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशीं धाडण्यांत आलें, तेव्हां खेड्यांतील श्रद्धेचा व अक्षराचा भार याच मास्तरांच्या खांद्यांवर अधिक पडला. मिशनच्या शाळेंत सर्व मुलें एका सतरंजीवर बसत हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु उच्च मानलेल्या जातींचीं मुलें तेथें फारशीं येतच नसत, तेव्हां हा अभिमान जरा बेतानेंच बाळगलेला बरा.

सणांविषयीं बोलावें तर उन्हाळ्याइतकी गर्दी दुसऱ्या कोणत्या ऋतूंत नसेल. होळी, रंगपंचमी, पाडवा, रामनवमी, ग्रामदैवताची यात्रा. आणि आपल्या घरीं प्रायश्चित्तकाळ, झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार व पास्का. पास्काचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हांही येतो. २०२४ सालीं पास्का ३१ मार्चला आला व पाडवा नऊ दिवसांनीं. २०२५ सालीं पाडवा ३० मार्चला व पास्का २० एप्रिलला, म्हणजे ऐन परीक्षेच्या महिन्यांत. होळी मात्र बहुधा प्रायश्चित्तकाळांतच सांपडते. शेजारणीच्या घरून पुरणपोळीचें ताट येतें, आणि पुरणपोळींत मांस नसल्यामुळें नियमास बाध येत नाहीं हा निर्णय मुलांनीं धर्मगुरूंस न विचारतांच घेतलेला असतो. पास्काच्या दिवशीं तेंच ताट भरून परत जातें. शाळेंत एका ओळींत बसणाऱ्या मुलांची ओळख अशी ताटांच्या येण्याजाण्यानें पक्की होते.

परंतु मागील पाऊणशें वर्षांत या ऋतूचा अर्थच पालटला आहे. १९५० च्या अखेरीस लोणी येथें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, व त्यामागून राज्यांत ठिकठिकाणीं कारखाने उभे राहिले. त्यांना ऊसतोडीस माणसें लागत. तीं पाथर्डी, जामखेड व शेजारच्या बीड जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांतून मिळाली. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. नवरा व बायको मिळून एक कोयता मोजला जातो. पोरांची मोजणी नाहीं. तीं कोपीवर धाकट्यांस सांभाळतात, वाढें गोळा करतात, पाणी भरतात. त्यांच्यासाठीं साखरशाळा निघाल्या, गांवांत राहणाऱ्यांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. कांहींचें साधलें, कांहींचें साधलें नाहीं.

मार्च-एप्रिलमध्यें फड संपतात व टोळ्या परततात. तेव्हां हजेरीपटावरचीं नांवें पुन्हा माणसें होतात. पूर्वीं शेत रिकामें म्हणून उन्हाळ्यांत शाळा भरे. आतां ट्रक परतले म्हणून भरते. चार-पांच महिन्यांनीं वर्गांत आलेला मुलगा हातचा घेऊन वजाबाकी करणें विसरलेला असतो, व धाकट्या भावाच्या वर्गांतील मूलही आपल्यापुढें गेलेलें पाहून ओशाळतो. अशा मुलास वर्गांत टिकविणारी गोष्ट मीं पाहिली ती धड्याची नव्हे, समारंभाची. लेझीमीस मागील धडा येणें जरूर नसतें. उसाची मोळी डोक्यावर वाहिलेला मुलगा तेथें सर्वांच्या पुढें असतो, आणि एकदां पुढें उभा राहिला कीं दुसऱ्या दिवशीं मागच्या ओळींत कां होईना, येऊन बसतो.

म्हणूनच शाळेचें स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारींत उरकण्याची जी रीत पडली आहे ती या भागांत मला चुकीची वाटते. ज्यांना त्याची अधिक गरज, तींच मुलें त्या वेळीं फडांत असतात. आपल्या धर्मग्रामांसही हें लागू आहे. टोळीबरोबर जाणाऱ्या कुटुंबाचा नाताळ कोपीवर होतो. घरीं, सर्व भावंडांसह होणारा मोठा सण म्हणजे पास्का. आपले सगळे देखावे, नाटुकलीं व बक्षिसें मात्र नाताळांतच संपून जातात.

उन्हाळी सत्राचा शेवट १ मे रोजीं होतो. १९६० पासून तो महाराष्ट्र राज्याचा दिवस. त्यापूर्वीं १९५५ सालीं पोप बारावे पायस यांनीं तोच दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. सकाळीं शाळेपुढें झेंडा चढतो, मग निकाल वाटतात. फडावरून परतलेलीं माणसें त्या दिवशीं धुतलेले कपडे घालून येतात. निकालपत्रक हातीं पडतांच कित्येक बाप तें उलगडून पाहत नाहींत. मुलाच्याच हातीं देऊन “वाच” म्हणतात. मुलगा आपलें नांव वाचतो, बापाचें वाचतो, गांवाचें वाचतो. पुढें विषयांचीं नांवें आलीं कीं सावकाश होतो, बोट ठेवून एकेक अक्षर लावतो, आणि भोंवतालचे लोक तोंवर उन्हांत थांबून राहतात.