प्रतिकृती आणि पुरावा : खेळण्यातील विटांनी घडविलेले विमान व इतिहासलेखनाची शिस्त

प्रस्तावना

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर टोकावडे हे गाव लागते. तेथून पुढे गेल्यावर नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्यावरील सातवाहनकालीन लेण्यात राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांपैकी ब्राह्मी लिपीतील नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. या पावलांवरून संपूर्ण मूर्ती घडविणे कुशल शिल्पकाराला अशक्य नाही. परंतु तसे केल्यास पाहणाऱ्याला त्यात नागनिका दिसेल की शिल्पकाराची कल्पना, हा प्रश्न उरतोच. हरवलेल्या वस्तूची पुनर्रचना करताना पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते, हे सांगण्याची जबाबदारी पुनर्रचना करणाऱ्यावर येते.

प्रस्तुत निबंधात या जबाबदारीचा विचार एका अनपेक्षित माध्यमाच्या साहाय्याने केला आहे. ते माध्यम म्हणजे खेळण्यातील जोडविटांनी तयार होणारी विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती. वरवर बालिश वाटणारे हे काम इतिहासाच्या अभ्यासकाला मोजमापाची आणि प्रामाणिकपणाची शिस्त कशी लावते, हे दोन विमानांच्या उदाहरणांतून येथे तपासले आहे. पहिले विमान १९३२ साली जुहूच्या धावपट्टीवर उतरले. दुसरे १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर उडाल्याचे सांगितले जाते.

प्रतिकृतींची परंपरा आणि विटेचा जन्म

लहान प्रतिकृतींचा उपयोग ज्ञानसाधन म्हणून करण्याची प्रथा विमानविद्येइतकीच जुनी आहे. राइट बंधूंनी १९०१ साली स्वतः बनविलेल्या वातबोगद्यात पंखांचे छोटे नमुने तपासले आणि त्यानंतरच १९०३ चे यशस्वी उड्डाण साधले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने शालेय विद्यार्थ्यांकडून विमानांच्या १:७२ प्रमाणातील ५ लाख प्रतिकृती करून घेण्याची योजना १९४२ मध्ये आखली होती. शत्रूचे विमान कोणते आणि स्वपक्षाचे कोणते, हे आकारावरून ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना त्यांवर मिळत असे. या प्रमाणात प्रत्यक्षातील ६ फूट म्हणजे प्रतिकृतीतील १ इंच होय.

जोडविटांचा इतिहास याच काळाला लागून येतो. हिलरी फिशर पेज यांच्या 'किडिक्राफ्ट' या ब्रिटिश कंपनीने १९४७ च्या सुमारास एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटा बाजारात आणल्या. डेन्मार्कमधील बिलुंड येथील 'लेगो' कंपनीने १९४९ मध्ये तशाच विटा काढल्या. पुढे २८ जानेवारी १९५८ रोजी तिने विटेच्या पोटात नळ्या असलेल्या सुधारित रचनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. या नळ्यांमुळे पकड घट्ट झाली व विटा अनेक प्रकारे जोडता येऊ लागल्या. १९५८ पासूनची वीट आजच्या विटेत बसते. मापाचे हे सातत्य हेच या माध्यमाचे खरे सामर्थ्य होय.

प्रमाणाची निवड : 'पस मॉथ'चे उदाहरण

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'डी हॅविलँड पस मॉथ' जातीचे एक इंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू येथे आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीच्या इतिहासातील या महत्त्वाच्या विमानाची नोंदणी व्हीटी-एडीएन अशी होती. पस मॉथची मूलभूत मापे प्रसिद्ध आहेत. पंखांचा एकूण विस्तार ११.२० मीटर आणि लांबी ७.६२ मीटर होती.

विटेवरील दोन उंचवट्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर असते. साध्या विटेची उंची ९.६, तर चपट्या विटेची उंची ३.२ मिलिमीटर असते. प्रतिकृतीसाठी १:४० हे प्रमाण घेतल्यास एका उंचवट्याची रुंदी प्रत्यक्षातील ३२ सेंटिमीटर दाखविते. या हिशेबाने पंखांचा विस्तार २८० मिलिमीटर, म्हणजे नेमके ३५ उंचवटे भरतो. लांबी मात्र १९०.५ मिलिमीटर येते. ती २४ उंचवट्यांची, म्हणजे १९२ मिलिमीटर धरली, तर प्रत्यक्षात ६ सेंटिमीटरची वाढ होते. १९७८ पासून प्रचारात असलेली लेगोची सुमारे ४ सेंटिमीटरची मानवाकृती या प्रमाणात १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाएवढी ठरते. त्यामुळे वैमानिक आणि विमान यांचा मेळ बसतो.

यानंतर पहिला पेच उभा राहतो. ३५ ही विषम संख्या असल्याने विमानाची मध्यरेषा एका उंचवट्याच्या मधोमध जाते. म्हणून धडाची रुंदीही विषम हवी. ३ उंचवटे घेतल्यास ती ९६ सेंटिमीटर होते आणि ५ घेतल्यास १६० सेंटिमीटर. धड सम रुंदीचे ठेवून पंख ३४ उंचवट्यांचे केल्यास विस्तार १०.८८ मीटर आणि ३६ चे केल्यास ११.५२ मीटर होतो. तिसरा मार्ग म्हणजे मधोमध एकच उंचवटा असलेली खास चपटी वीट वापरून वरचा भाग ४ मिलिमीटरने सरकविणे. कोणते माप जपायचे आणि कोणत्या मापाला मुरड घालायची, याचा निर्णय येथे टाळता येत नाही. शब्दांत वर्णन करणारा लेखक 'विमान लहान व अरुंद होते' असे लिहून पुढे जाऊ शकतो. वीट रचणाऱ्याला ती मोकळीक नाही.

शेपटीकडे निमुळते होणारे धड दाखविण्यासाठी विटा आडव्या बसवाव्या लागतात. येथे एक साधे गणित उपयोगी पडते. पाच चपट्या विटांची उंची (५ × ३.२ = १६ मि.मी.) ही दोन उंचवट्यांच्या रुंदीइतकी (२ × ८ = १६ मि.मी.) असते. म्हणून उभी आणि आडवी रचना एकाच प्रतिकृतीत फट न ठेवता जुळविता येते. पंखांना आधार देणाऱ्या तिरप्या दांड्यांच्या बाबतीत मात्र माध्यमाची मर्यादा उघड होते. उपलब्ध गोल दांडी सुमारे ३.२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे प्रत्यक्षातील जवळजवळ १३ सेंटिमीटर जाडीची ठरते. प्रतिकृतीतील दांड्या मुळापेक्षा जाड दिसणार, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

या दांड्यांशी इतिहासाचा आणखी एक प्रश्न निगडित आहे. १९३० पासून पस मॉथ विमानांचे पंख हवेतच तुटून काही प्राणघातक अपघात झाले. चौकशीनंतर पंखाच्या पुढील आधारदांडीपासून पंखाच्या मागील मुळापर्यंत एक लहान जोडदांडी बसविण्यात आली. म्हणजे 'पस मॉथची प्रतिकृती' असे म्हणून भागत नाही. कोणत्या नोंदणीचे आणि कोणत्या तारखेचे विमान, हे ठरवून त्या दिवसाशी जुळणारी छायाचित्रे शोधावी लागतात. एक दांडी लावायची की नाही, एवढ्यासाठी रचनाकाराला साधनांच्या चिकित्सेकडे वळावे लागते.

अनुमानाचा रंग

कृष्णधवल छायाचित्रावरून आकार कळतो, रंग कळत नाही. अशा ठिकाणी रचनाकाराने काय करावे? स्मारकांच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत या प्रश्नाचे उत्तर मिळते. हरवलेला भाग पुन्हा बसविताना तो एकूण वास्तूशी सुसंवादी असावा, परंतु मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा, असे ही सनद सांगते; आणि जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा, असेही बजावते. हेच तत्त्व विटांच्या प्रतिकृतीला लावता येईल. मोजमापांनी वा छायाचित्रांनी सिद्ध झालेले भाग एका रंगात व अनुमानित भाग करड्या रंगात रचावेत. अशी प्रतिकृती पाहताक्षणी अभ्यासकाला कळेल की किती माहीत आहे आणि किती मानलेले आहे. लिखित ग्रंथात तळटीप जे काम करते, तेच काम येथे करडी वीट करील.

'मरुत्सखा' आणि करडी प्रतिकृती

हीच कसोटी शिवकर बापूजी तळपदे यांच्या 'मरुत्सखा' या विमानाला लावून पाहणे उद्बोधक आहे. तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर मानवरहित विमान उडविले, असे मराठी समाजात आदराने सांगितले जाते. या कथेवर २०१५ मध्ये 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही आला. त्यातील विमान प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर स्पष्ट उभे राहते. परंतु पंखांचा विस्तार, लांबी, वजन आणि इंजिन यांची मापे देणारा समकालीन आराखडा अभ्यासकांसमोर आलेला नाही. त्यामुळे प्रमाण ठरविण्याची पहिली पायरीच ओलांडता येत नाही. प्रामाणिकपणे रचल्यास मरुत्सखाची प्रतिकृती संपूर्ण करडी होईल.

या संदर्भात पुष्कळदा 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथातील आकृत्यांचा आधार घेतला जातो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्रंथातील आकृत्या विसाव्या शतकात एका आरेखकाने काढलेल्या आहेत. रेखीव आकृती पाहिली की वस्तू अस्तित्वात असावी असे मन मानते. पुनर्रचना पुराव्याच्या जागी जाऊन बसते ती अशी. तळपदे यांची जिज्ञासा आणि वसाहतकाळातील स्वाभिमानाची प्रेरणा हा मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासाचा मोलाचा विषय आहे. त्यांच्या विमानाला पुराव्यावाचून रंग देणे हा मात्र त्यांचा गौरव ठरत नाही.

ग्रामीण महाविद्यालयांतील उपयोग

मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांना महागड्या विटा खरेदी करणे परवडणारे नाही. तथापि त्यावाचून अडत नाही. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये विकसित केलेली 'एलड्रॉ' ही संगणक प्रणाली विनामूल्य असून तिच्यात पडद्यावर विटा रचता येतात. संगणक नसल्यास चौकटीचा कागद पुरतो. या परिसरातील मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात. सिद्धगड किंवा गोरखगड प्रमाण ठरवून, मोजून आणि अनुमानित तटबंदी वेगळ्या रंगाने दाखवून केला, तर तोही इतिहासाचा प्रात्यक्षिक पाठ होईल. गणित, भौतिकशास्त्र व इतिहास या तिन्ही विभागांना असा उपक्रम एकत्र राबविता येईल.

निष्कर्ष

प्रतिकृती हा पुरावा नव्हे. ती पुराव्याचे एक वाचन आहे. पस मॉथच्या बाबतीत हे वाचन शक्य होते, कारण मापे, नोंदणी आणि तारीख उपलब्ध आहे. मरुत्सखाच्या बाबतीत ते शक्य होत नाही. जोडवीट हा फरक लपवू देत नाही, कारण तिला अर्धवट माप चालत नाही आणि संदिग्ध विशेषणे तिच्या उपयोगाची नाहीत. अभिमानाच्या कथा आणि पडताळलेला इतिहास यांची सरमिसळ वाढत असताना विद्यार्थ्याच्या हाती एक करडी वीट देणे आणि ती कोठे लावावी हे त्याला स्वतः ठरवू देणे, हा अध्यापनाचा साधा पण परिणामकारक मार्ग ठरू शकतो.