पेल एल : पहिली ऑल-ग्रेन पाककृती

पेल एल : सातूच्या म्हणजे बार्लीच्या फिकट माल्टपासून केलेली, एल जातीच्या यीस्टने आंबवलेली आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा स्पष्ट जाणवणारी बिअर. रंग सोनेरी ते तांबूस, मद्यार्क साधारण साडेचार ते साडेपाच टक्के. माल्टचा तयार अर्क न घेता भरडलेल्या माल्टमधूनच साखर काढली, तर त्या पद्धतीला ‘ऑल-ग्रेन’ म्हणतात. या नोंदीत २० लिटरच्या पहिल्या खेपेची आखणी दिली आहे. पाणी, हवा आणि उंची यांचे हिशेब सातारा व सांगली जिल्ह्यांचे धरले आहेत, कारण पाककृती इथे अडते ती याच तीन गोष्टींपाशी.

कायदा आधी सांगायला हवा. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. स्वतःच्या घरी, स्वतःपुरती केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली गेली, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मोकळी झाली. म्हणून ही आखणी उपयोगी पडेल ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीतल्या चाचणीच्या खेपेला, किंवा जिथे मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्या मराठी घरांना.

पेल एलचा या भागाशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येई. १८२० च्या दशकात बर्टन गावचे ऑलसॉप त्या व्यापारात उतरले. याच काळात, १८२८ च्या सुमारास, मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरचे आरोग्यस्थान वसवले. अलीकडचा धागा पुण्याचा. तिथे २००९ साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे. तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत खोळंबलेल्या गोऱ्या सैनिकांनी गावाच्या नावाचा केलेला हा अपभ्रंश.

माल्ट म्हणजे काय हे या भागात वेगळे शिकवावे लागत नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची, ही नाचणी सत्त्वाची रीत घराघरात माहीत आहे. माल्ट करणारे सातूवर हेच संस्कार करतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. पुढे कोमट-गरम पाण्यात तेच दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. मोड वेळेवर थांबवणे आणि एन्झाइम न मारता दाणा वाळवणे हे मात्र कसबाचे काम आहे, म्हणून पहिल्या खेपेला तयार माल्ट घ्यावा. तो बाहेरूनच येतो. सातूचे पीक राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या पट्ट्यातले. माण, खटाव, जत, आटपाडीच्या रानात रब्बीला ज्वारी उभी असते.

आखणीची सुरुवात घनतेपासून करावी. आंबवण्यापूर्वीच्या गोड काढ्याची (वर्टची) घनता १.०५० हवी असे ठरवले, तर त्यातले ५० हे लिटरमागचे अंक धरून २० लिटरला २० गुणिले ५०, म्हणजे १,००० अंक लागतात. एक किलो चांगला माल्ट जास्तीत जास्त ३०० अंक देतो. नवख्या हाताला त्यातले सत्तर टक्के मिळाले तरी चांगले, म्हणजे २१०. भागाकार केला की पावणेपाच किलो माल्ट येतो. त्यात साडेचार किलो फिकट पेल माल्ट आणि पाव किलो क्रिस्टल माल्ट घ्यावा. क्रिस्टलने रंग आणि किंचित कॅरॅमलची चव येते. इथेच थांबावे. पाच-सहा प्रकारचे माल्ट एकत्र घातले, की बिअर बिघडल्यावर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. पहिली पाककृती साधी ठेवायची ती याचसाठी. माल्ट भरडावा, पीठ करू नये. तूस अखंड राहिले तरच काढा गाळताना त्याची नैसर्गिक चाळण होते; पिठाच्या गिरणीतून बारीक दळून आणलेल्या माल्टचा चिखल होतो.

भरड माल्ट ६७° से. ला तासभर ठेवायचा, किलोला तीन लिटर पाणी, म्हणजे सव्वाचौदा लिटर. ६४ अंशांकडे झुकले तर बिअर कोरडी होते, ७० कडे गेले तर जड आणि गोडसर. थंड माल्ट पाण्याची उष्णता ओढून घेतो, म्हणून पाणी जास्त तापवावे लागते. मेमध्ये सांगलीत माल्ट ३५ अंशांवर असेल तर ७१.५ अंशांचे पाणी पुरते. जानेवारीत महाबळेश्वरी तोच १६ अंशांवर असेल तर ७४ लागते. भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे. तासाभराने थेंबभर काढ्यावर आयोडिन टाकून पाहावे. निळे झाले तर स्टार्च शिल्लक आहे. मग काढा गाळून चोथा ७५ अंशांच्या साडेचौदा लिटर पाण्याने धुवायचा, म्हणजे उकळायला सुमारे २४ लिटर मिळतात. उरलेला चोथा गुरांच्या आंबोणात चालतो.

या दोन जिल्ह्यांत सगळ्यांत जास्त विचार पाण्याचा करावा. कृष्णा महाबळेश्वरी जांभ्या दगडात उगम पावते. तिथले पाणी हलके असते. खाली बेसॉल्टवरच्या काळ्या जमिनीत, विशेषतः बागायती पट्ट्यातल्या विहिरी-बोअरचे पाणी जड होते आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर उतरते. त्याची खूण घरातच सापडते: पाणी तापवायच्या बंबात पांढरा थर साचत असेल, तर तेच पाणी माल्टवर घातल्यावर मिश्रणाचा सामू (पीएच) वर चढवते. फिकट माल्टच्या मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.५ असावा लागतो. तो वर गेला की एन्झाइम सुस्तावतात, तुसातला तुरटपणा उतरतो आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेवर खरखरीत लागतो. गडद, भाजलेला माल्ट आम्लधर्मी असल्याने असे पाणी सांभाळून घेतो. फिकट माल्टमध्ये ती ताकद नाही. त्यामुळे जड पाण्यावर काळी बिअर बरी जमते आणि पेल एल फसते.

उपाय दोन. पाणी पंधरा मिनिटे खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि तळाशी बसलेला पांढरा साका न ढवळता वरचे पाणी काढून घ्यावे; बायकार्बोनेटचा बराच भाग तिथेच राहतो. नळाच्या पाण्यातला क्लोरिनही त्यातच उडतो, नाहीतर बिअरला औषधी वास येतो. दुसरा उपाय अधिक खात्रीचा: आरओचे पाणी घ्यावे आणि ३० लिटरला ५ ग्रॅम जिप्सम व २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड टाकावे. बर्टनच्या पेल एलची ख्याती तिथल्या विहिरींतल्या जिप्समवर उभी होती. सल्फेटने हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि नेटका होतो. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला जिप्सम परका नाही. अतिपाण्याने चोपण झालेली जमीन सुधारायला तो पोत्याने टाकतो. बिअरसाठी मात्र खाण्याच्या दर्जाचेच जिप्सम घ्यावे. आरओचे पाणी घेतले तरी मिश्रणाचा सामू मोजून पाहावा आणि वर असेल तर अन्नप्रतीच्या लॅक्टिक आम्लाचे थेंब घालून उतरवावा.

उकळीला साठ मिनिटे. हॉप्स एकाच जातीचे, ‘कॅस्केड’, सुमारे ६ टक्के अल्फा आम्लाचे: उकळीच्या आरंभी ३० ग्रॅम, शेवटची पंधरा मिनिटे उरली असता २० आणि पाच मिनिटे उरली असता ३०. यातून कडवटपणाची ३२ च्या आसपास एकके मिळतात. इथे उंची आड येते. पाणी सांगलीत ९८ अंशांच्या जरा वर, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवच्या आसपास आणि सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरी साडेपंचाण्णवलाच उकळते. अल्फा आम्ले कडवट रूपात बदलण्याचा वेग समुद्रसपाटीच्या मानाने तिथे साधारण एक तृतीयांशाने मंदावतो. सांगलीत हा फरक सोडून द्यावा. महाबळेश्वरी पहिले हॉप्स ३० ऐवजी ४० ग्रॅम घ्यावेत.

काढा २० अंशांपर्यंत झटपट निववून ११ ग्रॅम सुके एल यीस्ट टाकावे. इथून पुढे जे काही अंगाला लागेल ते निर्जंतुक हवे. यीस्ट १८ ते २० अंशांत राहावे. २४ च्या वर ते उग्र, डोके धरणारी अल्कोहोले आणि केळ्यासारखे वास सोडते. आंबताना ते स्वतःही उष्णता टाकते, म्हणून भांड्यातले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असते. यंत्राची सोय नसेल तर मार्गशीर्ष ते माघ हाच हंगाम. तेव्हाही रात्र गार आणि दुपार तीस अंशांकडे, हा चढउतार यीस्टला मानवत नाही. भांडे पाण्याच्या टपात ठेवावे, भोवती ओले पोते गुंडाळावे, दुपारी टपात बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात. माठ ज्या तत्त्वावर पाणी गार करतो तेच ओले पोते इथे करते, आणि कोरड्या हवेच्या माणदेशात ते कोकणापेक्षा कितीतरी चांगले चालते.

दोन आठवड्यांत घनता १.०१२ वर येऊन थांबते. मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास भरतो. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटलीत भरावे. फेसासाठी २० लिटरला १२० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून मिसळावी. घाई केली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबते आणि बाटल्या फुटतात; काचेचे तुकडे डोळ्यापर्यंत उडू शकतात.

ज्वारी दुसऱ्या खेपेला आणावी, तीही दहा टक्क्यांपर्यंत. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त उष्णतेला, ७० अंशांच्या आसपास आणि वर, फुलतो. ६७ अंशांत ती कच्चीच राहते. तिच्यावर तूसही नसते, त्यामुळे प्रमाण वाढले की काढा गळायचा थांबतो. यावरची युक्ती घरचीच आहे: ज्वारीच्या कण्या नेहमीप्रमाणे मऊ शिजवाव्यात, ६७ अंशांपर्यंत निवू द्याव्यात आणि सातूच्या मिश्रणात कालवाव्यात, पुढचे काम सातूची एन्झाइम करतात. नाचणीसारखे ज्वारीला घरी मोड आणून तिचा माल्ट करण्याच्या फंदात मात्र पडू नये. ज्वारीच्या कोंबात धुरिन असते आणि त्यापासून सायनाइड सुटते. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना विषबाधा होते ती यानेच. मालदंडी जातीच्या ज्वारीच्या साध्या, मोड न आणलेल्या कण्या घ्याव्यात.